नळाचं पाणी आणि बिअर: जिप्समपासून कॅम्पडेनच्या गोळीपर्यंत

बोअरच्या पाण्यात तूरडाळ शिजत नाही, कितीही शिट्ट्या काढा, दाणा बोटांत मोडत नाही. पाण्यातल्या कॅल्शियमचा हा प्रताप आपल्याकडे घरोघरी ठाऊक. बिअर करणाऱ्यांनाही पाण्याचा असाच अनुभव होता, कारण मात्र माहीत नव्हतं. म्हणून शतकानुशतकं त्यांनी पाणी नाही, बिअर बदलली. डब्लिन, म्युनिकच्या चुनखडीच्या पाण्यात काळपट बिअर जमायची, कारण जास्त भाजलेल्या माल्टची (मोड आणून वाळवलेल्या धान्याची) आम्लता त्या पाण्याला पुरून उरते. आजच्या चेकियातल्या पिल्सेनचं पाणी जवळपास पावसाच्या पाण्यासारखं. तिथे 1842 मध्ये योझेफ ग्रोलने सोनेरी पिल्सनर बिअर काढली.

पाण्यावरून खरा धंदा फिरला तो इंग्लंडमधल्या बर्टन-अपॉन-ट्रेंटमध्ये. गाव नदीकाठचं, पण बिअरचं पाणी विहिरींचं, जिप्सम म्हणजे कॅल्शियम सल्फेटच्या थरांतून झिरपलेलं. त्यातल्या सल्फेटमुळे हॉप्सचा, म्हणजे बिअरमध्ये घालतात त्या फुलांचा, कडवटपणा जिभेवर न रेंगाळता चरचरीत उतरतो. हिंदुस्थानात, म्हणजे मुंबई-कलकत्त्याच्या गोऱ्या साहेबांसाठी, पेल एल ही फिकट रंगाची बिअर पाठवण्यात आधी लंडनच्या हॉजसन या बिअरवाल्याचा दबदबा होता. 1820च्या दशकात बर्टनच्या ऑलसॉप कंपनीने त्यात उडी घेतली, मागोमाग बासने. हीच पुढे इंडिया पेल एल म्हणून ओळखली गेली. लंडनच्या पाण्यात ती चव येईना, तेव्हा 1870च्या दशकात चॅरिंग्टन आणि ट्रूमन या लंडनच्या बड्या कंपन्यांनी चक्क बर्टनमध्येच बस्तान मांडलं. पाण्यासाठी एवढा खटाटोप!

तो लवकरच अनावश्यक ठरला. 1878च्या सुमारास सी. डब्ल्यू. व्हिन्सेंट या रसायनतज्ज्ञाने बर्टनच्या चवीचं श्रेय जिप्समला दिलं. मग कुठल्याही गावच्या पाण्यात जिप्सम मिसळायचं तंत्र रूढ झालं आणि त्याला नाव पडलं ‘बर्टनायझेशन’. पाण्याची आम्लता मोजायचा पीएच मापनक्रमही बिअरच्याच घरचा: 1909 मध्ये कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत सोरेनसन या रसायनतज्ज्ञाने तो मांडला.

तोवर नळात वेगळाच पाहुणा शिरला होता. 1908 मध्ये अमेरिकेत जर्सी सिटीच्या पाण्यात कायमस्वरूपी क्लोरीन घालायला सुरुवात झाली. पटकी-विषमज्वराला आळा घालणारं हे औषध बिअरला मात्र बाधतं. माल्ट आणि यीस्टमधून येणाऱ्या फिनॉल या रसायनांशी क्लोरीनची गाठ पडली की क्लोरोफिनॉल तयार होतं आणि ग्लास नाकाशी नेताच जखमेच्या चिकटपट्टीचा वास येतो. अब्जात काही भाग एवढं प्रमाणही नाकाला पुरतं.

ब्रिटनने 1963 मध्ये घरगुती बिअरवरची परवान्याची अट काढून टाकली, अमेरिकेने 1978 मध्ये कायदा करून ती करमुक्त केली, आणि ही डोकेदुखी स्वयंपाकघरात आली. साधं क्लोरीन रात्रभर उघड्या पातेल्यात किंवा उकळून उडून जातं. पण अनेक शहरांत आता क्लोरामाइन (क्लोरीन आणि अमोनियाचं संयुग) वापरतात, आणि ते निवडलंच जातं मुळी टिकाऊ म्हणून. त्यावर उतारा सापडला फळांच्या बरण्यांत. इंग्लंडमधल्या चिपिंग कॅम्पडेनच्या संशोधन केंद्रात 1920च्या दशकात फळं टिकवण्यासाठी मेटाबायसल्फाइट या गंधकयुक्त क्षाराचा वापर रुळला, त्यावरून ‘कॅम्पडेन टॅब्लेट’. वीस लिटरला पाव गोळी, चमच्याच्या पाठीने चुरून ढवळायची, काही मिनिटांत क्लोरीन आणि क्लोरामाइन दोन्हींचा निकाल. आरओ मशीनवाले याच्याही पुढचे: आधी पाण्यातले जवळजवळ सगळे क्षार काढून टाकायचे, मग काट्यावर जिप्सम तोलून बर्टन परत आत घालायचं.