ब्यूटेनलाही थंडी वाजते

निफाडचा पारा घसरला की द्राक्षबागांत शेकोट्या पेटतात आणि किमान तापमानाचा आकडा पेपरात पहिल्या पानावर येतो. हुरडा पार्ट्यांचे दिवस हेच, आणि अंजनेरी-ब्रह्मगिरीकडे तंबू घेऊन जाणाऱ्यांचेही हेच. पहाटे चहासाठी गॅसच्या छोट्या डब्यावर चालणारी शेगडी पेटवावी तर ज्योत करंगळीएवढी. डबा कानाशी हलवला तर आत द्रव खळखळतोय. दुकानदाराने जुना माल गळ्यात मारला, असा निष्कर्ष निघतो आणि डबा फेकला जातो. खरं तर डबा चांगला असतो, त्याला थंडी वाजत असते.

दोनशेवीस ग्रॅमच्या लांबट डब्यात सहसा ब्यूटेन असतं, तेही द्रवरूपात. द्रवाच्या वर थोडी मोकळी जागा असते आणि तिथे त्याचीच वाफ कोंडलेली असते. झडप उघडली की ही वाफ बाहेर पडते आणि तिची जागा भरायला आणखी थोडा द्रव उकळतो. म्हणून आतला दाब डबा किती भरलाय यावर अवलंबून नसतो. आत थेंबभर द्रव शिल्लक असेल तोवर दाब तेवढाच राहतो. तो ठरवतात दोनच गोष्टी: आत कोणता वायू आहे आणि तापमान किती आहे. या लेखातलं बाकी सगळं यातूनच निघतं.

ब्यूटेनचा उत्कलनबिंदू उणे ०.५ अंश सेल्सिअस. २० अंशांना त्याच्या वाफेचा दाब साधारण २.१ बार असतो, ५ अंशांना जेमतेम १.२ बार. नाशिकच्या उंचीवर बाहेरच्या हवेचा दाबच ०.९४ बारच्या आसपास आहे. वायूला बाहेर ढकलायला उरतो तो या दोहोंमधला फरक, आणि तो थंडीत एक चतुर्थांशावर येतो. (साल्हेर किंवा कळसूबाईच्या माथ्यावर हवेचा दाब कमी असल्याने हा फरक किंचित वाढतो, पण तिथली थंडी तो फायदा खाऊन टाकते.)

त्यात आणखी एक भानगड. द्रवाची वाफ व्हायला उष्णता लागते आणि ती तो स्वतःकडूनच घेतो. मध्यम आचेवर शेगडी तासाला दीडशे ग्रॅम वायू जाळत असेल आणि बाहेरून डब्याला काहीच उष्णता मिळाली नाही, तर भरलेल्या डब्याचं तापमान सहा-सात मिनिटांत दहा अंशांनी खाली येईल. प्रत्यक्षात आजूबाजूची हवा थोडी ऊब देते म्हणून इतकं होत नाही, पण डब्यावर दव साचतं ते यामुळेच. डबा अर्धा झाला की गार व्हायला द्रवही कमी उरतो, म्हणून तो आणखी लवकर गारठतो.

यावर उपाय खरेदीच्या वेळीच करायचा असतो. आयसोब्यूटेन उणे १२ अंशांच्या आसपास उकळतं, प्रोपेन उणे ४२ अंशांना. डिसेंबर-जानेवारीत डोंगरावर जायचं असेल तर आयसोब्यूटेन आणि प्रोपेनचं मिश्रण असलेला, आटे असलेला बुटका डबा घ्यावा. तो महाग पडतो, पण थंडीत चालतो. घराच्या गच्चीवर किंवा मळ्यात दुपारी वापरायला साधं ब्यूटेन पुरे. तिथे मिश्रणावर पैसे घालवण्यात अर्थ नाही. गॅस-टॉर्चच्या (डब्यावर बसवून ज्योत फेकणाऱ्या उपकरणाच्या) जाहिरातींत 'जास्त गरम ज्योत' म्हणून प्रोपेनचं कौतुक असतं, त्यावर फार विश्वास ठेवू नये. हवेत जळताना दोन्हींची ज्योत कमाल दोन हजार अंशांच्या आतबाहेरच असते. फरक पडतो तो वायू किती जोमाने येतो यात. सराफ बाजारातला कारागीर चांदीला डाग देतो तेव्हा किंवा फ्रिजवाला तांब्याची नळी जोडतो तेव्हा त्याला हा जोम हवा असतो.

गारठलेला डबा जागा करायचा तर कोमट पाण्यात ठेवावा किंवा थोडा वेळ जॅकेटच्या आत धरावा. पाणी हाताला सोसेल इतपतच कोमट असावं. शेकोटीजवळ नेऊन 'जरा शेकू' हा प्रकार मात्र जिवावर बेतणारा आहे. डब्यांवर ५० अंशांची मर्यादा छापलेली असते. त्या तापमानाला ब्यूटेनचा दाब पाच बारच्या घरात जातो, प्रोपेनचा सतराच्या. एप्रिलमध्ये नाशिकचा पारा चाळिशीला टेकतो, आणि काचा लावून उन्हात उभ्या केलेल्या गाडीत तो साठ सहज ओलांडतो. डिकीत विसरलेला डबा तिथे मर्यादेपार गेलेला असतो. हुरडा पार्टीत जी चूक सर्रास दिसते ती याच जातीची: एका डब्याच्या चपट्या शेगडीवर भलामोठा तवा ठेवायचा. तवा शेगडीबाहेर येऊन डब्याच्या खणावर झाकण घालतो आणि खालची आच परतून डब्यावर येते. दोन शेगड्या एकमेकींना चिकटवून त्यांवर एकच जाळी ठेवली तरी तेच.

या शेगडीच्या डब्याच्या कड्याला एक खाच असते. ती वर ठेवायला सांगतात, आणि त्यामागे कारण आहे. झडपेच्या आतली छोटी नळी खाचेच्या दिशेला वाकलेली असते. खाच वर असली की नळीचं तोंड वाफेत राहतं. खाली असली की ते द्रवात बुडतं. मग बर्नरकडे वाफेऐवजी द्रव धावतो, आणि द्रवाची वाफ होताना तो अडीचशेपट जागा घेतो. टॉर्च उलटी धरल्यावर भसकन हातभर पिवळा लोळ उठतो तो यामुळेच.

आता गळती. एका डब्यातल्या २२० ग्रॅम ब्यूटेनची वाफ सुमारे नव्वद लिटर होते. हवेत १.८ टक्के ब्यूटेन असलं तरी ठिणगीने पेट घेता येतो. गणित केलं तर एक डबा सुमारे पाच घनमीटर हवा पेटण्याजोगी करू शकतो. लहान मोटारीचा आतला भाग यापेक्षा लहान, दोन माणसांचा तंबू तर त्याहून लहान. शिवाय ब्यूटेन हवेच्या दुप्पट जड. ते छताला जात नाही. जमिनीवर पसरतं, तळघरात आणि गटारात साचतं. म्हणून 'वरची खिडकी उघडी होती' या बोलण्यावर विसंबू नये.

नाकावर तरी विसंबावं का? स्वयंपाकाच्या गॅसला येणारा उग्र वास त्याचा स्वतःचा नसतो. गळती कळावी म्हणून त्यात मुद्दाम मरकॅप्टन मिसळतात. पण लायटर आणि मिठायांवर साखर जाळायच्या छोट्या टॉर्चमध्ये भरायचं शुद्ध केलेलं ब्यूटेन जवळजवळ वासाविना असतं, नाहीतर पदार्थाला वास लागला असता. तिथे साबणाचं पाणी हाच खात्रीचा उपाय: जोडावर लावा, बुडबुडे येतात का बघा. भरल्यावर टॉर्च लगेच पेटवू नये. सांडलेला वायू उडून जायला काही मिनिटं द्यावीत. आणि डबा बदलायचा तो मोकळ्या हवेत, जवळ सिगारेट आणि पेटती शेगडी नसताना.

खरा धोका मात्र पैसे वाचवण्याच्या नादात आहे. घरच्या १४.२ किलोच्या सिलिंडरमधून नळीने छोट्या डब्यात गॅस भरून देणारे भेटतात. घरच्या गॅसमध्ये ब्यूटेनबरोबर प्रोपेन असतं, त्यामुळे त्याचा दाब ब्यूटेनपेक्षा जास्त. पातळ पत्र्याचा डबा त्यासाठी केलेलाच नाही. दुसरं त्याहून वाईट आहे. मोठ्या सिलिंडरची जलधारणा, म्हणजे आत मावेल तेवढं पाणी, ३३.३ लिटर असते; १४.२ किलो गॅस साधारण तापमानाला त्यात पंचाहत्तर ते ऐंशी टक्केच जागा व्यापतो. उरलेली जागा वाया गेलेली नसते. तापल्यावर द्रव फुगतो आणि त्याला ती लागते. हाताने अंदाजे भरलेल्या डब्यात ही जागा राहिलीच असेल याची हमी कोण देणार? द्रव काठोकाठ भरला की दोन-चार अंशांच्या वाढीनेही दाब झपाट्याने चढतो, कारण द्रव दाबला जात नाही. हे काम विनापरवाना करणं गुन्हाही आहे. सिलिंडरसंबंधीचे नियम राबवणारी 'पेसो' ही केंद्रीय संस्था नागपुरातच आहे. भरून मिळणारी छोटी टाकी हवीच असेल तर वितरकाकडे ५ किलोचा सिलिंडर मिळतो, तोच घ्यावा.

सिलिंडर घेताना गळ्याजवळच्या पट्टीवरचा 'ए-२७' किंवा 'डी-२८' असा शिक्का बघावा. ए म्हणजे जानेवारी ते मार्च, बी एप्रिल ते जून, सी जुलै ते सप्टेंबर, डी ऑक्टोबर ते डिसेंबर; आकडा वर्षाचा. सिलिंडरच्या पुढच्या चाचणीची ही मुदत; ती उलटलेला सिलिंडर परत करायचा. ग्रिलसाठी नळी घेताना आयएसआय खूण असलेलीच घ्यावी. भट्टीचा जास्त दाबाचा रेग्युलेटर घरच्या बर्नरला लावू नये. गळतीचा संशय आला तर १९०६ हा क्रमांक देशभर चालतो.

मुंबई-पुण्याहून रेल्वेने येणाऱ्यांनी एवढं ध्यानात ठेवावं की ज्वालाग्राही वस्तू गाडीत नेणं रेल्वे कायद्यान्वये गुन्हा आहे, आणि ओझरहून विमानात तर हे डबे ना हातातल्या बॅगेत चालतात ना खाली दिलेल्या. डबा मुक्कामाच्या गावातच घ्यावा.

किती उरलंय हे हलवून कळत नाही. नवा डबा स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोला आणि वजन मार्करने त्यावरच लिहून ठेवा. निव्वळ वजन छापलेलं असतं, वजाबाकी केली की पत्र्याचं वजन मिळतं. मग गारठ्यात ज्योत विझली तरी काटा खरं सांगतो: ३० ग्रॅम बाकी असतील तर दुपारच्या उन्हात तो डबा पुन्हा चालेल. पत्र्याच्या वजनावर आला तरी आत हवेच्या दाबाइतकी वाफ शिल्लक असतेच. घरात खिळा मारून भोक पाडू नका. तो डबा शेकोटीत टाकायचा नाही आणि ओल्या कचऱ्यात दडवून घंटागाडीतही टाकायचा नाही. वेगळ्या पिशवीत भरून, आत काय आहे हे गाडीवाल्याला सांगून, त्याच्या हातात द्या.