पोर्तुगालचे पंतप्रधानपद

पोर्तुगालच्या सरकारच्या प्रमुखाचे पद. पंतप्रधानाची नेमणूक राष्ट्राध्यक्ष करतो, पण तो टिकतो संसदेच्या बळावर. आणि क्वचित संसदेत बहुमत असूनही राष्ट्राध्यक्षामुळे त्याला जावे लागते. आजच्या स्वरूपातले हे पद १९७६ च्या संविधानाने घडवले. ते घडवणाऱ्यांच्या डोक्यात दोन कटू आठवणी होत्या. एक, १६ वर्षांत ४५ सरकारे पाहिलेल्या पहिल्या प्रजासत्ताकाची; दुसरी, एकाच माणसाने ३६ वर्षे न सोडलेल्या खुर्चीची. या दोन आठवणी माहीत असल्या की पदाचे आजचे विचित्र वाटणारे नियमही उलगडतात.

‘पंतप्रधान’ (प्रिमैरू मिनिश्त्रू) हे अधिकृत नाव १९७४ नंतरचे. राजेशाहीत आणि पुढे हुकूमशहा सालाझारच्या राजवटीत या पदाला ‘मंत्रिपरिषदेचा अध्यक्ष’ म्हणत. गोवामुक्तीवरच्या मराठी लेखनात ‘पंतप्रधान सालाझार’ असे सर्रास येते. अर्थाने ते बरोबर आहे, नावाने नाही. ‘अध्यक्ष’ या शब्दामुळे तो पोर्तुगालचा राष्ट्राध्यक्ष होता असाही घोटाळा होतो. १९५१ मधला काही महिन्यांचा हंगामी कारभार सोडला, तर त्या पदावर तो कधीच नव्हता. त्याला त्याची गरजही पडली नाही.

पूर्वपीठिका

राजाच्या वतीने राज्य हाकणारा मुख्य मंत्री पोर्तुगालला नवा नव्हता. १७३६ मध्ये राज्यसचिवांची तीन खाती पाडण्यात आली आणि त्यातले एक पोंबालच्या मार्क्विसच्या हाती आल्यावर त्याचे वजन कुठवर जाऊ शकते ते दिसले. १ नोव्हेंबर १७५५ च्या भूकंपात लिस्बन उद्ध्वस्त झाले. राजा पहिला जोझे गांगरलेला, आणि शहर पुन्हा उभे करण्याचे काम पोंबालने अंगावर घेतले. त्यानंतर राजाच्या हयातीत त्याला आडवे जाणारा कोणी उरला नाही. गोव्याचा व्हाइसरॉय राहून आलेल्या ताव्होराच्या मार्क्विसला राजावरील हल्ल्याच्या आरोपावरून १७५९ मध्ये कुटुंबासह देहदंड झाला, त्यामागेही पोंबालच होता. गोव्यातले इन्क्विझिशन, म्हणजे धर्मद्रोहाचे खटले चालवणारे चर्चचे न्यायालय, त्याच्याच काळात, १७७४ मध्ये बंद झाले. १७७७ मध्ये राजा वारला, पोंबाल पदावरून गेला, आणि पुढच्याच वर्षी इन्क्विझिशन परत आले. मुख्य मंत्र्याची सत्ता तेव्हा राजाच्या मर्जीइतकीच लांब होती.

राजगादीवरून पेटलेली यादवी १८३४ मध्ये संपल्यावर, दुसऱ्या मारिया राणीच्या कारकिर्दीत, २४ सप्टेंबर १८३४ रोजी पाल्मेलाचा ड्यूक मंत्रिपरिषदेचा पहिला अध्यक्ष झाला. पंतप्रधानांची यादी साधारणपणे इथून सुरू करतात. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात दोन मोठे पक्ष जवळजवळ ठरवून आलटूनपालटून सत्तेवर येत. रेल्वे आणि रस्त्यांच्या बांधणीसाठी ओळखला जाणारा फोंतेश पेरैरा द मेलू या काळात तीनदा पंतप्रधान झाला. ही व्यवस्था कुजत गेली. १९०७ मध्ये जुआंव फ्रांकूने संसदेशिवाय राज्य चालवायला घेतले आणि १ फेब्रुवारी १९०८ रोजी लिस्बनमध्ये राजा कार्लुश व युवराज यांची भररस्त्यात गोळ्या घालून हत्या झाली. ५ ऑक्टोबर १९१० रोजी राजेशाहीच संपली.

पहिले प्रजासत्ताक

१९११ च्या संविधानाने राष्ट्राध्यक्ष निवडण्याचे काम संसदेकडे दिले आणि संसद बरखास्त करण्याचा अधिकार त्याला दिला नाही. सरकार पाडायला फारसे कष्ट लागत नसत, आणि पाडल्यावर लोकांकडे परत जावे लागेल ही भीतीही नव्हती. १९१९ मध्ये बरखास्तीची तरतूद झाली, तोवर सरकारे पाडण्याची सवय मुरलेली होती. जानेवारी १९२० मध्ये नेमलेले फर्नांदेश कोश्ताचे सरकार जमावाच्या दहशतीपुढे शपथविधीआधीच मागे हटले; इतिहासात ते ‘पाच मिनिटांचे सरकार’ म्हणून राहिले आहे.

याला हसू येते, पण पुढच्या वर्षीचा प्रकार वेगळा होता. १९ ऑक्टोबर १९२१ रोजी लष्करी उठाव झाला तेव्हा पंतप्रधान आंतोनियू ग्रांजूने राजीनामा देऊन टाकला होता. त्याच रात्री बंडखोर नौसैनिकांनी त्याला शोधून काढले आणि नौदलाच्या शस्त्रागारात ठार मारले. १९१० च्या क्रांतीचा नायक माशादू सांतुश यालाही त्या रात्री घरातून उचलून ट्रकमध्ये घालून नेले आणि गोळ्या घातल्या. शहरभर फिरलेल्या त्या गाडीला लोक ‘भुताची गाडी’ म्हणू लागले. २८ मे १९२६ रोजी लष्कराने सत्ता घेतली तेव्हा प्रजासत्ताकासाठी रस्त्यावर उतरणारे फार थोडे निघाले.

सालाझारची खुर्ची

कुइंब्रा विद्यापीठातला अर्थशास्त्राचा प्राध्यापक आंतोनियू द ओलिव्हैरा सालाझार एप्रिल १९२८ मध्ये अर्थमंत्री झाला. येताना त्याने अट घातली की कुठल्याही खात्याचा खर्च आपल्या मंजुरीशिवाय होणार नाही. खरी सत्तासूत्रे त्याच दिवशी त्याच्या हाती आली. ५ जुलै १९३२ ला मिळालेले मंत्रिपरिषदेचे अध्यक्षपद ही पुढची पायरी. १९३३ च्या संविधानात कागदावर राष्ट्राध्यक्ष श्रेष्ठ होता, मंत्रिपरिषदेच्या अध्यक्षाला नेमणारा आणि काढणारा तोच. व्यवहारात राष्ट्राध्यक्ष कोण असावा हे सालाझार ठरवी. साताऱ्यात छत्रपती आणि पुण्यात पेशवे हा इतिहास वाचलेल्याला या मांडणीचे फारसे नवल वाटू नये.

कागदावरचा तो अधिकार मात्र एकदा खरोखर अंगावर आला. १९५८ च्या राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीत विरोधी उमेदवार जनरल उंबेर्तू देल्गादूला पत्रकारांनी विचारले, निवडून आलात तर सालाझारचे काय करणार? तो म्हणाला, ‘अर्थातच, काढून टाकणार.’ एवढ्या एका वाक्याने देश हलला. देल्गादू हरला, त्या मतमोजणीवर विश्वास ठेवणारे तेव्हाही कमी होते. पुढच्याच वर्षी राष्ट्राध्यक्षाची थेट निवडणूक रद्द करण्यात आली, आणि १९६५ मध्ये गुप्त पोलिसांनी स्पेनच्या सीमेवर देल्गादूचा खून केला.

गोव्याच्या वाट्याला हाच पंतप्रधान आला. १९५१ मध्ये ‘वसाहती’ हा शब्द संविधानातून काढून ‘सागरापलीकडचे प्रांत’ असा शब्द घालण्यात आला. गोवा पोर्तुगालचाच भाग, तेव्हा वाटाघाटी कसल्या करायच्या, हा सालाझारचा युक्तिवाद त्यावर उभा होता. स्वतः तो आयुष्यात एकाही वसाहतीत गेला नाही. १४ डिसेंबर १९६१ रोजी त्याने गव्हर्नर जनरल व्हासालू ई सिल्व्हाला तार केली : तह नाही, शरणागती नाही, सैनिक आणि खलाशी एकतर विजयी असतील, नाहीतर मृत. व्हासालू ई सिल्व्हाने १९ डिसेंबरला शरणागती पत्करली. तारेतला हुकूम मानला असता तर पणजी आणि मुरगावात किती माणसे मेली असती याचा अंदाज त्याला होता. भारताने युद्धकैदी केलेले तीन हजारांहून अधिक सैनिक १९६२ मध्ये मायदेशी परतले तेव्हा त्यांचे स्वागत थंड झाले, आणि गव्हर्नरला सैन्यातून बडतर्फ करण्यात आले. त्याचा हुद्दा परत मिळाला तो १९७४ च्या क्रांतीनंतर.

ऑगस्ट १९६८ मध्ये इश्तोरिलच्या किल्ल्यात उन्हाळ्याच्या मुक्कामी असताना सालाझार खुर्चीवरून पडला. दोन महिन्यांच्या आत प्रकृती इतकी ढासळली की राष्ट्राध्यक्ष तोमाशने मार्सेलू काएतानूची नेमणूक केली. सालाझार वाचला, पण आपले पद गेले आहे हे त्याला कोणी सांगितले नाही. जुने मंत्री भेटायला येत, आणि आपणच देश चालवतो आहोत या समजुतीत २७ जुलै १९७० रोजी तो वारला.

क्रांती आणि १९७६ चे संविधान

२५ एप्रिल १९७४ रोजी तरुण लष्करी अधिकाऱ्यांनी उठाव केला. काएतानू लिस्बनमधल्या कार्मू बराकीत अडकला. त्याने जनरल स्पिनोलाच्या हाती सूत्रे दिली आणि पुढे ब्राझील गाठले. पुढच्या दोन वर्षांत सहा हंगामी सरकारे झाली. नोव्हेंबर १९७५ मध्ये बांधकाम मजुरांनी संसदेला वेढा घालून पंतप्रधान पिन्यैरू द अझेव्हेदू आणि खासदारांना आत कोंडले. आठवड्याभराने सरकारनेच संप पुकारला : लष्कर संरक्षणाची हमी देत नाही तोवर आम्ही काम करणार नाही. कामगारांचे संप पुष्कळ देशांनी पाहिले असतील, मंत्रिमंडळाचा संप हे खास पोर्तुगीज प्रकरण.

याच काळातली एक नोंद मराठी वाचकाच्या जवळची. गोव्यावरील भारताचे सार्वभौमत्व पोर्तुगालने ज्या कराराने मान्य केले, त्यावर ३१ डिसेंबर १९७४ रोजी नवी दिल्लीत सह्या झाल्या. भारताच्या बाजूने परराष्ट्रमंत्री यशवंतराव चव्हाण, पोर्तुगालच्या बाजूने परराष्ट्रमंत्री मारियू सुआरेश. दीड वर्षाने सुआरेश नव्या संविधानाखालचे पहिले पंतप्रधान झाले.

या संविधानानुसार पक्षांशी चर्चा करून आणि निवडणुकीचा निकाल लक्षात घेऊन राष्ट्राध्यक्ष पंतप्रधान नेमतो. खरी गंमत पुढे आहे. नेमणुकीपासून दहा दिवसांत सरकारने आपला कार्यक्रम संसदेपुढे ठेवायचा असतो, पण तो मंजूर करून घ्यावा लागत नाही. फक्त फेटाळला जाऊ नये एवढे पुरते. फेटाळायचा तर संसदेच्या २३० सदस्यांपैकी किमान ११६ जणांची मते हवीत. अविश्वास ठरावालाही तोच आकडा. म्हणजे बहुमत सिद्ध करण्याची जबाबदारी सरकारवर नाही, विरोधकांवर आहे. अल्पमतातली सरकारे पोर्तुगालमध्ये सर्रास दिसतात आणि काही पूर्ण मुदतही काढतात, ती यामुळे. मंत्री झालेल्या खासदाराला संसदेतली जागा तात्पुरती सोडावी लागते आणि पक्षाच्या उमेदवार यादीतला पुढचा माणूस तिथे बसतो. सरकारच्या मतांना त्याने धक्का लागत नाही.

राष्ट्राध्यक्षाची बाजूही विसरून चालत नाही. १९८२ च्या दुरुस्तीनंतर लोकशाही संस्थांचे कामकाज धोक्यात आल्याशिवाय तो सरकारला थेट काढू शकत नाही. पण संसद बरखास्त करू शकतो. या अधिकाराला तिथल्या राजकारणात ‘अणुबॉम्ब’ म्हणतात, आणि तो नुसता धाक दाखवायला ठेवलेला नाही. पंतप्रधान सांताना लोपेश यांच्यामागे संसदेत बहुमत होते. तरी २००४ च्या अखेरीस राष्ट्राध्यक्ष सांपायू यांनी संसद बरखास्त करण्याचे ठरवले आणि लोपेश यांचे सरकार चार महिन्यांत संपल्यात जमा झाले.

काही पंतप्रधान

मारिया द लुर्देश पिंतासिल्गू या पोर्तुगालच्या आजवरच्या एकमेव महिला पंतप्रधान. व्यवसायाने रासायनिक अभियंता. ऑगस्ट १९७९ पासून जेमतेम पाच महिने, निवडणुकीपर्यंतचे सरकार सांभाळण्यासाठी राष्ट्राध्यक्षाने नेमलेल्या. त्यांच्यानंतरचे सा कार्नैरू ४ डिसेंबर १९८० रोजी लिस्बनजवळ कामारात इथे विमान कोसळून गेले. तो अपघात होता की घातपात, यावर संसदेच्या चौकशी समित्या एकामागून एक बसल्या, वाद मिटला नाही. काव्हाकू सिल्व्हा यांची दहा वर्षे (१९८५–९५) ही लोकशाही काळातली सर्वांत मोठी कारकीर्द. ग्युतेरेश पुढे संयुक्त राष्ट्रांचे महासचिव झाले, दुरांव बारोझू युरोपीय आयोगाचे अध्यक्ष. सॉक्रातेश यांच्या वेळी, २०११ मध्ये, देशाला ७८ अब्ज युरोंची मदत मागावी लागली.

कार्यक्रम फेटाळण्याच्या नियमाचे सर्वांत गाजलेले उदाहरण २०१५ चे. निवडणुकीत पासुश कुएल्यू यांची आघाडी पहिली आली, त्यांची नेमणूक झाली आणि अकराव्या दिवशी, १० नोव्हेंबरला, १२३ मतांनी त्यांचा कार्यक्रम फेटाळला गेला. दुसऱ्या क्रमांकावरच्या समाजवादी पक्षाचे आंतोनियू कोश्ता डाव्या पक्षांच्या बाहेरून पाठिंब्यावर पंतप्रधान झाले. या जुळणीला विरोधकांनी ‘जेरिंगोंसा’ म्हणून हिणवले. मराठीत ‘खटारा’ म्हणावे तसे. तो खटारा चार वर्षे चालला, आणि २०२१ मध्ये अर्थसंकल्प पडून जानेवारी २०२२ मध्ये निवडणूक झाली तेव्हा कोश्तांना एकट्याच्या बळावर बहुमत मिळाले. ७ नोव्हेंबर २०२३ रोजी, सरकारी यंत्रणेतल्या लोकांची चौकशी सुरू असताना आपले नाव त्यात आल्याचे जाहीर होताच त्यांनी राजीनामा दिला. डिसेंबर २०२४ पासून ते युरोपीय परिषदेचे अध्यक्ष आहेत.

कोश्तांचे वडील, लेखक ऑर्लांदू द कोश्ता, मडगावात वाढलेले. घरात आंतोनियूंना ‘बाबुश’ म्हणत. कोकणीत मुलाला लाडाने मारायची ही हाक. जानेवारी २०१७ मध्ये पंतप्रधान म्हणून भारतात आले असता त्यांना भारताच्या परदेशस्थ नागरिकत्वाचे कार्ड देण्यात आले, आणि मडगावच्या आबे फारिया रस्त्यावरच्या घरी ते नातेवाइकांना भेटून गेले. त्यांचा जन्म जुलै १९६१ चा, म्हणजे सालाझारची ती तार निघायच्या पाच महिने आधीचा.

त्यांच्यानंतर आलेले लुईश मोंतेनेग्रू यांनी मार्च २०२५ मध्ये स्वतःच विश्वासदर्शक ठराव मांडला, हरले, आणि मे महिन्याच्या निवडणुकीत आधीपेक्षा जास्त जागा घेऊन परतले.

निवासस्थान

लिस्बनमध्ये संसद भरते त्या सांव बेंतू राजवाड्याच्या मागच्या बागेत पंतप्रधानाचे अधिकृत निवासस्थान आहे. घर १८७७ च्या सुमाराचे. जुलै १९३७ मध्ये प्रार्थनेला जाताना सालाझारवर बॉम्बहल्ला झाला, त्यातून तो वाचला, आणि सुरक्षेसाठी हे घर निवडले गेले. त्याची घरकाम पाहणारी दोना मारिया त्या बागेत कोंबड्या पाळत असे. तिथे राहिलेच पाहिजे असे बंधन पंतप्रधानावर नाही. पासुश कुएल्यू लिस्बनजवळच्या मासामा या वस्तीतल्या आपल्या फ्लॅटमधूनच ये-जा करत.