महायुद्धात गेलेल्या जवानाची नोंद कशी शोधावी, आणि नाव नसेल तर अर्ज कसा करावा

‘पणजोबांचा धाकटा भाऊ पलटणीत होता, लढाईवर गेला तो आलाच नाही.’ अनेक घरांत माहिती एवढ्यावरच संपते. मग ‘त्याची कबर कुठे आहे?’ असा प्रश्न पडतो आणि शोध पहिल्याच पावलाला चुकतो. हिंदू आणि शीख सैनिकांचं शक्य तिथे दहन केलं जाई, आणि कित्येकांचे देह सापडलेच नाहीत. मराठा जवानाच्या बाबतीत बहुधा शोधायचं असतं ते स्मारकावरचं नाव. व्हिक्टोरिया क्रॉस हे ब्रिटिशांचं सर्वोच्च शौर्यपदक मिळालेले नाईक यशवंत घाडगे १० जुलै १९४४ रोजी इटलीत पडले तेव्हा बावीस वर्षांचे होते. त्यांचंही नाव कॅसिनो स्मारकावर आहे, कबरीवर नाही.

ही नावं कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशन सांभाळतं. १९१७ साली स्थापन झालेल्या या संस्थेकडे दोन्ही महायुद्धांतल्या ब्रिटिश साम्राज्याच्या फौजांमधल्या सुमारे सतरा लाख मृतांची नोंद आहे. संकेतस्थळावर शोध घ्यायला पैसे लागत नाहीत.

पात्रतेसाठी तारीख फार महत्त्वाची. मृत्यू ४ ऑगस्ट १९१४ ते ३१ ऑगस्ट १९२१ किंवा ३ सप्टेंबर १९३९ ते ३१ डिसेंबर १९४७ या काळातला हवा. या काळात सेवेत असताना मरण आलं असेल तर ते गोळीनेच यायला हवं असं नाही. तापाने, अपघातात किंवा शत्रूच्या कैदेत गेलेलाही पात्र ठरतो. सेवेतून सुटून घरी आला आणि मग गेला, तर मात्र आजार किंवा जखम सेवेमुळेच होती हे दाखवावं लागतं, आणि तारीख याच काळातली लागते.

शोधाला बसण्याआधी घरातली जुनी पेटी उघडा. पहिल्या महायुद्धातल्या पदकाच्या कडेवर क्रमांक, हुद्दा, नाव आणि पलटण कोरलेली असते. तळहाताएवढी काशाची गोल तबकडी सापडली तर ती मृताच्या घरी पाठवलेली स्मृतितबकडी असते. तिच्यावर फक्त नाव असतं, हुद्दा मुद्दाम टाळलेला. याशिवाय पेन्शनचे कागद आणि डिस्चार्जचा दाखला पाहा. कोकणात आणि साताऱ्याकडे काही गावांत ‘या गावातून इतके जण महायुद्धावर गेले’ अशी संगमरवरी पाटी असते, तीही वाचून या. त्या काळी क्रमांक पलटणीगणिक वेगळे असत, त्यामुळे पलटण ठाऊक नसेल तर नुसत्या क्रमांकाचा उपयोग नाही.

पलटणींच्या नावांचा घोळ नीट समजून घ्या. पहिल्या महायुद्धात १०३, ११०, ११७ अशा क्रमांकांच्या मराठा पलटणी होत्या. १९२२ मध्ये त्या पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या बटालियन झाल्या. त्या काळी इंग्रजीत ‘मराठा’ हा शब्द Maratha असा नव्हे, तर Mahratta असा लिहीत. आडनावांचं तर विचारूच नका. पवारांचा पोवार, जाधवांचा जाधो. लिहून घेणाऱ्या कारकुनाला जे ऐकू आलं ते कागदावर उतरलं. म्हणून आडनावापेक्षा पलटण आणि मृत्यूचं वर्ष टाकून यादी काढा, मग वडिलांचं नाव आणि गाव जुळतंय का बघा. जिल्ह्याचं नावही जुनं टाका. रायगड तेव्हा कुलाबा होता.

वर दिलेल्या तिन्ही पलटणी मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, कुत इथे तुर्कांच्या वेढ्यात अडकल्या होत्या. २९ एप्रिल १९१६ रोजी तिथल्या ब्रिटिश-भारतीय फौजेने शरणागती पत्करली आणि हजारो जण कैदेत गेले. मेसोपोटेमियात गेलेला आणि ज्याची कबर नाही असा जवान बहुधा बसरा स्मारकात असतो. पण त्या भिंतीवर भारतीय अधिकाऱ्यांची नावं कोरली आणि साध्या शिपायांचा पलटणवार नुसता आकडा टाकला. हा दुजाभाव होता, हे कमिशनने २०२१ च्या अहवालात स्वतःच मान्य केलं. तेव्हा स्मारकाचा फोटो पाहून निराश होऊ नका, कमिशनच्या नोंदींत शोधा.

नाव कुठेच नसेल, तर ते घालण्यासाठी कमिशनकडे अर्ज करता येतो. वारसच असावं अशी अट नाही. मात्र तो सैन्यात होता, अमुक तारखेला गेला आणि कागदांतला माणूस तोच आहे, या तीन गोष्टी अधिकृत कागदांनी सिद्ध व्हायला हव्यात. सेवेची नोंद किंवा डिस्चार्ज दाखला, मृत्यूची नोंद, पेन्शनचा आदेश अशा कागदांच्या प्रती जोडा, मूळ कागद पाठवू नका. घरात सांगत आलेली आठवण खरी असली तरी एकटी पुरत नाही. नावातली चूक दुरुस्त करायलाही असाच पुरावा लागतो.

कागदच नसतील तर बेळगावच्या मराठा रेजिमेंटच्या अभिलेख कार्यालयाला पत्र लिहा. नाव, क्रमांक, पलटण, गाव, तालुका, जुना जिल्हा असं सगळं एकाच पत्रात द्या, नाहीतर उत्तरात तेच विचारलं जाईल. पत्राचा मसुदा जमत नसेल तर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात विचारा.

नोंद सापडली की तिच्या पानावरून स्मृतिप्रमाणपत्र मोफत उतरवून घेता येतं. छापण्याआधी त्यावरचं स्पेलिंग एकदा तपासा.