हायब्रिड सेडान तपासायला आणताय? आधी बॅटरीची वायर काढू नका

जुनी टोयोटा कॅम्री किंवा होंडा सिटी हायब्रिड (पेट्रोल इंजिन आणि विजेची मोटर दोन्ही असलेली गाडी) घ्यायचे ठरले की पुष्कळ जण गाडी सोलापुरातल्या आमच्या वर्कशॉपला दाखवायला आणतात. त्यातल्या बऱ्याच गाड्या आम्हाला त्याच दिवशी अर्धवट तपासून परत पाठवाव्या लागतात, आणि कारण दरवेळी एकच असते. गाडी निघण्याआधी कोणीतरी १२ व्होल्टच्या बॅटरीची वायर काढून पुन्हा लावलेली असते, नाहीतर स्कॅनर लावून कोड, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरने केलेल्या बिघाडाच्या नोंदी, पुसलेले असतात. वायर काढली तरी हे कोड जाऊ शकतात. काही वेळा विकणारा हे मुद्दाम करतो. पण बहुतेक वेळा घेणाराच ओळखीच्या मेकॅनिकला 'एकदा नजर टाक' म्हणून सांगतो आणि तो चांगल्या मनाने सगळे कोड साफ करून देतो. डॅशबोर्डवरचा बिघाडाचा दिवा जातो आणि त्याच्याबरोबर गाडीची हकीकतही जाते.

हे पत्रक मुख्यतः त्यासाठी आहे. बाकीचे मुद्देही पुढे दिले आहेत, पण एवढी एक गोष्ट पाळलीत तरी तुमचे दोन-तीन दिवस वाचतील.

कोड पुसल्याने नेमके काय जाते

बिघाडाची नोंद करताना गाडीचा कॉम्प्युटर त्या क्षणाची स्थितीही लिहून ठेवतो. वेग किती होता, इंजिन किती तापले होते, हायब्रिड बॅटरी (मोटर चालवणारी मोठी बॅटरी) किती भरलेली होती, हे सगळे त्यात असते. साध्या पेट्रोल गाडीत ही नोंद गेली तरी कान लावून, हात लावून बरेच कळते. हायब्रिडमध्ये तसे होत नाही. अशक्त झालेली हायब्रिड बॅटरी थंड असताना आणि हळू चालवताना अगदी ठीक वागते. एप्रिल-मेच्या दुपारी, एसी चालू, चार माणसे बसलेली आणि तुळजापूरचा घाट चढताना ती उघडी पडते. ती नोंद पुसली की पुढचे काही दिवस डॅशबोर्ड स्वच्छ दिसतो, आणि नेमक्या त्याच दिवसांत गाडीचा सौदा होतो.

पुसलेले कळत नाही असे मात्र नाही. स्कॅनरवर 'कोड पुसल्यापासून चाललेले अंतर' आणि 'कोड पुसल्यापासून इंजिन किती वेळा थंडचे गरम झाले' असे दोन आकडे येतात. मीटरवर ९०,००० किमी आणि पुसल्यापासूनचे अंतर ११ किमी असेल, तर त्या ११ किमीपूर्वी काय होते हे विकणाऱ्याला विचारायलाच हवे. शिवाय गाडी स्वतःच्या ज्या चाचण्या चालता चालता करते, त्या पुसल्यावर 'अपूर्ण' दिसू लागतात. त्या पुन्हा पूर्ण होण्यासाठी रात्रभर थंड झालेल्या इंजिनाने सुरुवात, मग शहरातली थांबत-थांबत चाल, मग हायवेवर एकसारख्या वेगाने १५-२० मिनिटे, असे सगळे व्हावे लागते. एकूण ६० ते ८० किमी जातात आणि बहुधा दोन दिवस लागतात. अर्ध्या दिवसाचे काम असे लांबते. तिकडे इसाराची मुदत संपत येते आणि घाईत होकार दिला जातो.

म्हणून तपासणीच्या आधी किमान चार दिवस कोणालाही स्कॅनरने कोड पुसू किंवा बॅटरीची वायर काढू देऊ नका. दिवा पेटला असेल तर पेटू द्या, फक्त मोबाइलवर फोटो काढून ठेवा. १२ व्होल्टची बॅटरी बसलीच असेल तर नवी टाकण्याआधी आम्हाला फोन करा. कॅम्रीत ही बॅटरी डिकीत असते, पण जंप देण्यासाठी, म्हणजे दुसऱ्या बॅटरीला तारा जोडून गाडी सुरू करण्यासाठी, बॉनेटखालच्या फ्यूज बॉक्समध्ये वेगळा पॉझिटिव्ह पॉइंट दिलेला आहे. तारा उलट्या लागल्या तर मोठा फ्यूज उडतो, आणि नशीब वाईट असेल तर नुकसान कन्व्हर्टरपर्यंत जाते. हायब्रिडवरून ट्रॅक्टर किंवा टेम्पोला जंप तर कधीच देऊ नका. या गाडीत अल्टरनेटर नसतो. १२ व्होल्टची बॅटरी मोठ्या बॅटरीतून कन्व्हर्टरमार्फत चार्ज होते, आणि तो कन्व्हर्टर दुसऱ्याचे डिझेल इंजिन फिरवण्यासाठी केलेला नाही.

आधी गाडी कोणत्या प्रकारची आहे ते बघा

'हायब्रिड' लिहिलेल्या सगळ्या गाड्या एक नव्हेत. मारुती सियाझ डिझेलमध्ये २०१५ पासून आणि पेट्रोलमध्ये २०१८ पासून 'स्मार्ट हायब्रिड' म्हणून मिळाली. तिच्यात पट्ट्यावर चालणारी छोटी मोटर इंजिनाला हातभार लावते, पण गाडी नुसत्या मोटरवर चालत नाही. गाडी चांगली आहे, फक्त मोठ्या बॅटरीविषयी पुढे जे सांगितले आहे ते तिला लागू नाही. तिच्यासाठी हायब्रिड तपासणीचे पैसे देऊ नका, साधी तपासणी पुरते.

खऱ्या अर्थाने हायब्रिड म्हणजे २०१३ पासूनची कॅम्री हायब्रिड, २०१६ ची होंडा अकॉर्ड हायब्रिड आणि २०२२ पासूनची सिटी ई:एचईव्ही, म्हणजेच सिटी हायब्रिड. अकॉर्ड बाहेरून पूर्ण बनून येत असे आणि आता ती बंद झाली आहे. सुट्या भागांसाठी थांबायची तयारी असेल तरच ती घ्या.

मोठी बॅटरी

२०२४ अखेरच्या नव्या मॉडेलच्या आधीच्या कॅम्रीत निकेल-मेटल हायड्राइड बॅटरी आहे. तिच्यात ३४ मॉड्यूल (बॅटरीचे छोटे सुटे तुकडे) मिळून सुमारे २४५ व्होल्ट होतात, आणि कॉम्प्युटर ती दोन-दोनच्या जोडीने १७ ब्लॉक म्हणून मोजतो. आम्ही उभ्या गाडीचे आकडे बघून थांबत नाही. मोकळ्या रस्त्यावर जोरात ॲक्सिलरेटर दाबून, मग लांबून ब्रेक लावून, दोन्ही वेळी १७ ब्लॉकची नोंद घेतो. निरोगी पॅकमध्ये, म्हणजे पूर्ण बॅटरीत, सगळे ब्लॉक बरोबरीने खाली-वर होतात. जोर पडल्यावर एखादा ब्लॉक बाकीच्यांपेक्षा एक व्होल्टहून जास्त खाली जात असेल, तर तो पॅक थकला आहे असे आम्ही लिहून देतो. एकच मॉड्यूल बदलून 'बॅटरी रिपेअर केली' म्हणून विकलेल्या गाड्याही येतात. जुन्यात एक नवे मॉड्यूल घातले की जोडी जुळत नाही आणि काही महिन्यांत दुसरे जाते.

पुष्कळ जण मोबाइल ॲपवरचा 'बॅटरी हेल्थ ८५ टक्के' असा आकडा दाखवतात आणि आमच्याकडूनही तसाच मागतात. आम्ही तो देत नाही. तो ॲपने बांधलेला अंदाज असतो. ब्लॉकचे प्रत्यक्ष आकडे छापून देतो, ते कोणत्याही जाणकाराला दाखवा.

घरच्या घरी एवढे बघता येते. पडद्यावरची बॅटरीची पट्टी हळूहळू खाली-वर झाली पाहिजे. भरलेली पट्टी दोन-चार मिनिटांत रिकामी आणि पुन्हा लगेच भरलेली दिसत असेल तर बॅटरीत साठवण उरलेली नाही. एसी लावून गाडी गार झाल्यावरही मागच्या सीटजवळून पंख्याचा जोराचा आवाज येत राहिला, तर बॅटरी तापते आहे.

आता सोलापुरातली खास गोष्ट. या बॅटरीला हवा गाडीच्या आतूनच मिळते. मॉडेलप्रमाणे मागच्या सीटच्या खाली किंवा बाजूला एक जाळी असते, तिच्यातून पंखा हवा ओढतो. मागच्या सीटवर चादर अंथरायची आपल्याकडे पद्धत आहे, आणि ती चादर खाली लोंबली की बरोबर त्या जाळीवर येते. बाहेरून घातलेले जाड सीट कव्हरही तेच करते. गाडी यंत्रमाग किंवा टॉवेलच्या धंद्यातली असेल तर जाळीमागे सुताच्या तंतूंचा करडा थर बसतो. बोटाने ओढला तर नमद्यासारखा अखंड निघून येतो. हवा कोंडली की ४२-४३ अंशांच्या उन्हाळ्यात बॅटरीचे आयुष्य झपाट्याने घटते. जाळी उघडून फिल्टर साफ करायला अर्धा तास लागतो. आम्ही प्रत्येक सर्व्हिसला करतो, आणि बिलात ती ओळ बघून लोक 'हे कशाला?' विचारतात. ते यासाठी.

सिटी ई:एचईव्हीची बॅटरी लिथियम-आयनची आहे आणि गाड्याही अजून तशा नव्या आहेत. तिच्यात आधी वॉरंटी बघा. ८ वर्षे किंवा १,६०,००० किमी, जे आधी होईल ते. सर्व्हिसची नोंद सलग आहे का, ते कंपनीच्या रेकॉर्डवरून पडताळून घ्या.

बाकीचे, जे चुकले तर महाग पडते

एसी. हायब्रिडचा कॉम्प्रेसर विजेवर चालतो आणि मोठ्या बॅटरीच्या व्होल्टेजवर असतो. त्याला वीज न वाहणारे वेगळे तेल लागते, कॅम्रीत एनडी-११. गॅस भरताना साध्या गाडीचे पीएजी तेल त्यात गेले तर इन्सुलेशन बिघडते, पी०एए६ कोड येतो आणि गाडी 'रेडी' होत नाही, म्हणजे चालायला तयार असल्याची डॅशबोर्डवरची 'रेडी' खूण येत नाही. एसीचे काम कुठे झाले, हे विकणाऱ्याला आवर्जून विचारा.

इन्व्हर्टरचा कूलंट. इन्व्हर्टर म्हणजे मोठ्या बॅटरीची वीज मोटरला लागेल तशी करून देणारा भाग. त्याच्या कूलंटची टाकी इंजिनाच्या टाकीपेक्षा वेगळी असते. दोन्ही उघडून बघा. पातळी कमी किंवा रंग गढूळ असेल तर नुसते पाणी टाकलेले असण्याची शक्यता आहे. गाडी 'रेडी' असताना या टाकीत हालचाल दिसली पाहिजे. दिसली नाही तर छोटा विजेचा पंप गेला आहे, आणि तो दुर्लक्षित राहिला तर खर्च इन्व्हर्टरवर जातो.

ब्रेक. मोटर ब्रेक मारते म्हणून पॅड खूप टिकतात, ८०,००० किमीनंतरही जाड दिसले तर आश्चर्य नाही. बिघाड बहुधा ब्रेकच्या पंपात असतो. गाडी 'रेडी' ठेवून, ब्रेकला पाय न लावता, काच खाली करून शांत बसा. पंप दर काही सेकंदांनी घुर्र करून सुरू होत असेल तर आत दाब गळतो आहे. हा भाग महाग आहे, आणि नुसत्या चाव्या-पान्यांनी त्याची हवा काढता येत नाही, स्कॅनर लागतो.

पाणी शिरलेली गाडी. मुंबई, चेन्नई, हैदराबादच्या पुरातल्या गाड्या फिरत फिरत आपल्याकडे येतात. मागच्या सीटखालचे बोल्ट, सीट बेल्ट पूर्ण ओढल्यावर त्याचे टोक आणि केशरी तारांच्या जोडांजवळचा पत्रा बघा. हिरवट-पांढरी बुरशी दिसली तर तिथेच थांबा. केशरी तारा मोठ्या बॅटरीच्या व्होल्टेजच्या असतात, त्यांना स्वतः हात लावू नका. आम्हीसुद्धा सर्व्हिस प्लग (मोठी बॅटरी तोडणारा प्लग) काढल्यावर १० मिनिटे थांबूनच काम करतो, कारण इन्व्हर्टरमध्ये वीज साठलेली असते.

कागद. बाहेरच्या राज्यातली गाडी असेल तर फॉर्म २८ ची एनओसी लागते, आणि महाराष्ट्राचा रोड टॅक्स नव्याने भरावा लागतो. एमएच-१३ नंबर पडेपर्यंतचा तो खर्च किमतीत धरूनच बोली लावा. कर्ज असेल तर फॉर्म ३५, आणि नावावर करायला २९ व ३०. दोन्ही चाव्या हव्यातच.

नवी घेणाऱ्यांसाठी थोडक्यात

गाडी कुठे चालणार, त्यावर सगळे आहे. वर्षाला १५,००० किमी धरा. सात रस्ता, अशोक चौक, विजापूर नाका अशा गर्दीतच चालणार असेल आणि पेट्रोल गाडी लिटरला १२ किमी व हायब्रिड २० देत असेल, तर वर्षाला ५०० लिटर वाचतात. १०५ रुपये लिटर धरले तर ५२,५०० रुपये. तेच अंतर पुणे-हैदराबाद हायवेवर १०० च्या वेगाने होणार असेल आणि आकडे १६ व २० असतील, तर बचत जेमतेम १९,७०० रुपये. किमतीतला फरक या आकड्याने भागा, किती वर्षांत वसूल होतो ते दिसेल. सिटी हायब्रिडची डिकी ३०६ लिटरची आहे, साध्या सिटीची ५०६ लिटरची. लग्नाच्या सीझनला बॅगा घेऊन जाणाऱ्या घरांनी शोरूममध्येच बॅगा ठेवून बघाव्यात.

आम्ही कसे काम करतो

तपासणीची फी ३,५०० रुपये आहे आणि ती आधी घेतो. गाडी पसंत पडली नाही तरी परत करत नाही, कारण 'घेऊ नका' हे सांगायलाही तेवढेच काम लागते. विकणाऱ्याकडून किंवा एजंटकडून आम्ही कमिशन घेत नाही. फोनवर फोटो बघून मत देत नाही. गाडी घेतलीत आणि तीन महिन्यांत पहिली सर्व्हिस आमच्याकडे केलीत, तर फीतले १,५०० रुपये त्या बिलातून वजा होतात, आणि बॅटरीचा फिल्टर त्या वेळी साफ करून मिळतो.

अर्धा दिवस का लागतो, असे विचारले जाते. इंजिन थंड असतानाच सुरू करून बघावे लागते. कॅम्रीत 'रेडी' केल्यावर काही सेकंदांत इंजिन आपणहून सुरू होते. त्या वेळी गाडी थरथरली, ठोके आले तर ते गरम इंजिनावर दिसत नाही. विकणारा गाडी आधीच फिरवून आणत असेल, तर आमचा माणूस सकाळी ८ वाजता त्याच्या दारात येऊन बॉनेटला हात लावून सुरुवात करेल. सोलापूर शहरात याचे वेगळे पैसे नाहीत. बार्शी, पंढरपूर, अक्कलकोटला जायचे झाल्यास येण्याजाण्याचा खर्च पडतो.

येताना आरसी, सर्व्हिस बुक, दोन्ही चाव्या आणि किमान पाव टाकी पेट्रोल असू द्या. मागच्या सीटवरची चादर तशीच राहू द्या, ती जाळीवर येते का ते आम्हाला बघायचे असते.