पदरचे वाक्य कोणाचे? दूरचित्रवाणीवरील प्रहसने आणि पुण्याहून जाणारे तरुण विनोदी नट

नावाजलेल्या विनोदी कार्यक्रमाच्या संचातून एखादा तरुण नट मध्येच बाहेर पडला की पुण्यात दोन तर्क लगेच लढवले जातात. त्याने पैसे वाढवून मागितले असतील, हा पहिला. आणि चार भाग गाजताच डोक्यात हवा गेली असेल, हा दुसरा. दोन्ही तर्क कधीकधी खरे ठरतात, हे नाकारण्याचे कारण नाही. परंतु अशा नटांच्या तक्रारी नीट ऐकल्या, तर पैसा आणि प्रसिद्धी या दोहोंच्या आधी तिसरीच एक गोष्ट वारंवार पुढे येते, आणि ती प्रेक्षकाला सहसा ठाऊकही नसते. तिला नाटकवाले ‘अ‍ॅडिशन’ म्हणतात. लेखकाने न लिहिलेले, नटाने तालमीत किंवा ऐन प्रयोगात घातलेले पदरचे वाक्य, एवढाच तिचा अर्थ. या एका शब्दाभोवती तरुण विनोदी नटाच्या अडचणींचा मोठा भाग कसा गोळा झाला, हे समजण्यासाठी थोडे मागे जावे लागते.

फार मागे जाण्याची मात्र गरज नाही. भरताच्या नाट्यशास्त्राने दहा रूपकांत, म्हणजे नाट्यप्रकारांत, प्रहसनाची गणना केली आणि त्याचे शुद्ध व संकीर्ण असे भेद सांगितले. एकोणिसाव्या शतकात पौराणिक नाटकानंतर इंग्रजी वळणाचा फार्स करण्याची पद्धत मराठी मंडळ्यांनी उचलली. आज दूरचित्रवाणीवरच्या छोट्या विनोदी प्रसंगाला निवेदक ‘प्रहसन’ म्हणतो, रंगभूषेच्या खोलीत सगळे ‘स्किट’ म्हणतात आणि करारातही तोच शब्द पडतो. जुन्या प्रहसनाशी त्याचे नाते जवळपास नावापुरतेच आहे. खरे नाते जुळते ते तमाशातल्या बतावणीशी. सोंगाड्याची बतावणी कोणी बसून लिहून देत नसे. गाव कोणते, समोर कोण बसले आहे, कालपरवा काय घडले, हे पाहून ती रोज नव्याने घडे, आणि तिचा धनी सोंगाड्याच असे.

लेखी वगनाट्य आले तेव्हा या व्यवस्थेत पहिली गुंतागुंत झाली. १९६० च्या दशकात गाजलेल्या एका वगनाट्याचा लेखक ठरलेला होता, संहिता होती. तरी नायक रोज कोणती ताजी भर घालतो हे ऐकण्यासाठी लोक पुन्हा पुन्हा तिकीट काढत. महाराष्ट्रात रंगमंचावरील संहितेला राज्याच्या परिनिरीक्षण मंडळाचे, म्हणजे संहिता तपासणाऱ्या मंडळाचे, प्रमाणपत्र लागते. म्हणजे काटेकोर पाहिले, तर मंजूर संहितेबाहेरचे प्रत्येक वाक्य नियमाबाहेरचे होते. त्यावर सर्वांनी मिळून काढलेला तोडगा मराठी वळणाचाच होता: अ‍ॅडिशन सगळ्यांनी ऐकायची, तिच्यावर हसायचे आणि कागदावर ती नाहीच असे धरून चालायचे. कागदावर नसण्याची ही सवय पुढे दूरचित्रवाणीने तशीच उचलली, आणि घोटाळ्याचे मूळ तिथे आहे.

मुंबई दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. तिथल्या सुरुवातीच्या छोट्या विनोदी नाटिकांत रंगभूमीवर मुरलेली माणसे होती, आणि त्यांचे पोट एकतर नाटकावर नाहीतर नोकरीवर चाले. दूरदर्शनवर दिसणे ही जोड होती. १९९९ पासून खाजगी मराठी वाहिन्या आल्या आणि या शतकाच्या पहिल्या दशकाच्या अखेरीस विनोदाची स्पर्धा हा प्रकार रुजला. जोड्या, परीक्षक, गुण, बाद होणे, महाअंतिम सोहळा हे सगळे वाचकांच्या स्मरणात असेलच. या स्पर्धांची थट्टा करण्याची पुण्यात फॅशन होती. तरी एक गोष्ट त्यांच्या बाजूने नोंदवली पाहिजे, की दर पर्वात नव्या माणसांसाठी दार उघडत असे. २०१४ नंतर कायम संचाचे कार्यक्रम स्थिरावले, स्पर्धा म्हणून सुरू झालेले कार्यक्रमही हळूहळू संचाचे झाले, परीक्षकांच्या खुर्च्या मात्र राहिल्या. नटांना वर्षभराचे काम मिळाले. पण संच कायम झाला, की त्यात ज्येष्ठ-कनिष्ठही कायमचे ठरतात, आणि बाहेरून येणारा तरुण जो येतो तो शेवटच्या खुर्चीवर.

हा तरुण पुण्याचा असेल, तर तो बहुधा एकांकिकेतून आलेला असतो. १९६३ पासून चालत आलेल्या पुरुषोत्तम करंडक स्पर्धेने आणि तिच्या आगेमागे उभ्या राहिलेल्या इतर स्पर्धांनी पुण्यातील महाविद्यालयांना एक शिस्त लावली. पाऊस सुरू झाला की महाविद्यालयाच्या एखाद्या रिकाम्या वर्गात तालमी सुरू होतात, दोन-दोन महिने तेच पंचेचाळीस-पन्नास मिनिटांचे नाटक घासले जाते आणि भरत नाट्य मंदिरात ‘अरे आव्वाज कुणाचा’च्या गजरात ते सादर होते. या तालमींत वाक्य कोणाचे आहे असा प्रश्नच कोणी विचारत नाही. लेखक वर्गमित्र असतो, तो कोपऱ्यात बसलेला असतो, नटाने काही सुचवले आणि सगळे हसले की लेखक ते वहीत लिहून घेतो. श्रेय लेखकाला मिळते, करंडक सगळ्यांना. अठरा-एकोणीस वर्षांच्या मुलाला यात काही वावगे वाटत नाही, आणि वाटू नयेच. अडचण एवढीच, की हाच भाबडेपणा घेऊन तो पुढे व्यवसायात जातो.

तिथले घड्याळ वेगळे असते. संहिता पुष्कळदा आदल्या रात्री हाती पडते, सकाळी वाचन, दुपारी उभ्याने तालीम, आणि एका दिवसाच्या चित्रीकरणात एकाहून अधिक प्रहसने उरकायची असतात. आठवड्यामागून आठवडे नवे लिहिण्याच्या रेट्यात लेखक दहा-बारा मिनिटांच्या प्रसंगाचा सांगाडा देतो आणि काही जागा मोकळ्या सोडतो. इथे नटाने काहीतरी करावे, अशी त्याची अपेक्षाच असते. लेखकाला यात दोष देता येणार नाही, त्याचेही हाल थोडे नाहीत. पण याचा अर्थ असा, की नाटकात जी अ‍ॅडिशन शोभेची होती, ती दूरचित्रवाणीवर गरजेची झाली. विनोद पडू लागला की नटाने तो सावरायचा आणि हशा वसूल करायचा, हे कामाचा भाग मानले जाऊ लागले. मानधन मात्र अभिनयाचे, आणि श्रेयनामावलीतही फक्त अभिनय.

त्यातही अ‍ॅडिशन घेण्याचा हक्क सगळ्यांना सारखा नसतो. लिहिलेला नियम कुठेच नाही, तरी पहिल्या आठवड्यात प्रत्येक नवख्याला तो कळतो. ज्येष्ठ नटाने वाक्य टाकले तर ते उत्स्फूर्त. शेवटच्या खुर्चीवरच्याने टाकले तर तो आगाऊपणा. नवख्याचे काम समोरच्याच्या विनोदाला वाक्य पुरवण्याचे, चेहरा सरळ ठेवण्याचे आणि ज्येष्ठाचा हशा ओसरेपर्यंत थांबण्याचे. हे काम हलके नाही, टायमिंगची खरी परीक्षा तिथेच होते. पण त्याला टाळी नसते, आणि टाळी नसली की पुढच्या आठवड्याच्या संहितेत वाक्ये कमी होतात. तरुण नटांच्या बोलण्यात सर्वांत बोचरी तक्रार येते ती याही पुढची. तालमीत त्याने सुचवलेले वाक्य सर्वांना आवडते, आणि ‘हे तुझ्यापेक्षा त्यांच्या तोंडी जास्त शोभेल’ असे म्हणून ते दुसऱ्याला दिले जाते. कलेच्या दृष्टीने दिग्दर्शकाचा निर्णय अनेकदा बरोबरही असतो. बरोबर निर्णयाने ज्याचे नुकसान होते त्याने काय करावे, याचे उत्तर मात्र कोणाकडे नसते.

तरुण अभिनेत्रींची स्थिती याहून बिकट आहे. लुगडे नेसलेल्या पुरुषाला हमखास हशा मिळतो हे एकदा सिद्ध झाल्यावर स्त्रीपात्रांतली विनोदी पात्रे पुरुषांकडे गेली, आणि संचातल्या मुलीकडे बायको, शेजारीण किंवा प्रेयसी अशी सरळ भूमिका उरली. अलीकडे काही अभिनेत्रींनी हे चित्र स्वतःच्या बळावर बदलले, तेही बहुतांशी अ‍ॅडिशनच्याच जोरावर.

कायदा याबाबत काय म्हणतो, हे पाहिले तर चित्र वाटते तितके एकतर्फी नाही. १९५७ च्या स्वामित्वहक्क (कॉपीराइट) कायद्यात नोकरीत असताना निर्माण केलेल्या कृतीचा पहिला मालक, वेगळा करार नसल्यास, नोकरी देणारा असतो. पण संचातला नट नोकर नसतो. त्याच्या मानधनातून व्यावसायिक शुल्क म्हणून १० टक्के कर कापला जातो. भविष्यनिर्वाह निधी नाही, पगारी रजा नाही. म्हणजे कराच्या कागदावर तो स्वतंत्र व्यावसायिक आहे. मग त्याने रचलेल्या वाक्याचा हक्क आपोआप निर्मात्याकडे जातो असे म्हणता येत नाही, आणि म्हणूनच करारात एक लांबलचक कलम असते, ज्यात नटाने कार्यक्रमाच्या निमित्ताने सुचवलेले, उच्चारलेले, घडवलेले सर्व काही कायमचे व जगभरासाठी हस्तांतरित केल्याचे लिहून घेतले जाते. कायद्याचे कलम १९ सांगते, की हस्तांतराची मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षे धरावी आणि प्रदेश लिहिलेला नसेल तर तो भारतापुरता धरावा. ‘कायमचे’ आणि ‘जगभर’ हे दोन शब्द करारात का असतात, याचे उत्तर या कलमात आहे. बाविसाव्या वर्षी पहिला करार हातात आलेला मुलगा ते वाचत नाही, तो मानधनाचा आकडा वाचतो.

नटाच्या स्वतःच्या हक्कांचे प्रकरणही याच कायद्यात आहे. सादरकर्त्याचे हक्क १९९४ च्या दुरुस्तीने आले आणि २०१२ च्या दुरुस्तीने सादरीकरणाच्या व्यावसायिक वापरावर स्वामित्वधन (रॉयल्टी) मिळण्याची तरतूद झाली. व्यवहारात तिचा लाभ आजवर मुख्यतः गायकांच्या वाट्याला आला. त्याच दुरुस्तीत एक अट अशीही आहे, की ज्याचे काम किरकोळ स्वरूपाचे आहे आणि प्रथेप्रमाणे ज्याचे नाव श्रेयनामावलीत नसते, त्याला चित्रपटापुरते सादरकर्ता मानायचे नाही. आपल्या सादरीकरणाचा विपर्यास झाल्यास तक्रार करण्यापुरता हक्क तेवढा त्याच्याकडे राहतो. कायद्याच्या भाषेत चित्रपट म्हणजे ध्वनीसह दृश्यांची कोणतीही मुद्रित कृती, त्यामुळे मालिकेचा भागही त्यात येतो. भागाच्या अखेरीस वाचता न येण्याच्या वेगाने सरकणाऱ्या नावांना एवढे महत्त्व आहे, हे संचातल्या तरुणांना क्वचितच कोणी सांगितलेले असते.

हा प्रश्न पूर्वी तीव्र नव्हता, कारण प्रसारण झाले की विनोद हवेत विरत असे. यूट्यूबने ते बदलले. वाहिन्या एकेक प्रहसन कापून स्वतंत्रपणे तिथे ठेवतात, तो तुकडा वर्षानुवर्षे पाहिला जातो, आणि लोकांच्या लक्षात राहते ते बहुधा एखादेच वाक्य. ते वाक्य टी-शर्टवर छापले जाते, व्हॉट्सअ‍ॅपवर फिरते. नटाला मिळालेली रक्कम मात्र त्या एका भागाची असते, आणि तीही उद्योगाच्या जुन्या रिवाजानुसार ९० दिवसांनी.

या ९० दिवसांचा पुण्याच्या मुलाला बसणारा फटका वेगळा आहे. चित्रीकरण गोरेगाव किंवा मीरा रोडच्या बाजूला, पाळी सकाळी ९ ते रात्री ९. पुण्याहून ७.१५ ला सुटणारी डेक्कन क्वीन मुंबईला पोहोचते तेव्हा इकडे पहिले प्रहसन उभे राहिलेले असते, आणि संध्याकाळी ५.१० ला ती परत निघते तेव्हा दुसऱ्याची रंगभूषा चाललेली असते. कचेरीत जाणाऱ्यांसाठी आखलेली गाडी नटाच्या उपयोगाची नाही. रात्रीच्या बसने घरी येणे महिना-दोन महिने जमते. मग चौघांत एक खोली घेतली जाते, तिची अनामत रक्कम आधी भरायची असते आणि कामाचे पैसे तीन महिन्यांनी यायचे असतात. या काळात पुण्यातले नाटक सुटते, कारण तालमीला तारखा देता येत नाहीत. २०२१ च्या एप्रिलमध्ये राज्यातले चित्रीकरण थांबले आणि काही पथके परराज्यांत गेली, तेव्हा तर घर आणि काम यांच्यात अख्खी सीमा आली. प्रेक्षकांशिवाय विनोद करण्याची वेळही त्याच काळातली. हशा नंतर जोडला जाई, आणि आपले वाक्य चालले की पडले हे नटाला प्रसारणाच्या दिवशी कळे. ज्याने भरत नाट्य मंदिराच्या मागच्या रांगेतून येणारा हशा ऐकून आपले टायमिंग घडवले, त्याच्यासाठी ही शिक्षाच होती.

संचातून बाहेर पडल्यावरही करार सुटत नाही. एखाद्या पात्राची लकब, त्याचे नाव, वेशभूषा, तोंडी बसलेले पालुपद, हे सर्व त्या लांबलचक कलमात येते. पुण्यात गणेशोत्सव आणि नवरात्रात मंडळांच्या कार्यक्रमांना अशा नटाला सुपारी मिळते, आणि त्यावर वर्षातले दोन महिने निघतात. मंडळाचा कार्यकर्ता फोनवर आधी तेच पालुपद म्हणून दाखवतो आणि ‘हे करणार ना?’ असे विचारतो. ते पालुपद एका दुपारी, लेखकाने सोडलेल्या मोकळ्या जागेत, त्याच नटाला सुचलेले असते. आणि ते व्यासपीठावर म्हणायचे झाले तर परवानगीचे पत्र मुंबईला पाठवावे लागते.