बालपणातील दृष्टिरक्षण

लहान मुलांचे डोळे ठरावीक वयात तपासून दोष वेळेत हुडकणे आणि डोळ्याला इजा झाल्यास पहिल्या काही मिनिटांत योग्य ते करणे, ही बालपणातील दृष्टिरक्षणाची दोन मुख्य अंगे आहेत. पहिले काम वर्षानुवर्षे सावकाश चालते, दुसऱ्याला क्षणाचाही उशीर परवडत नाही. दोन्हींच्या मुळाशी मात्र एकच गोष्ट आहे. पाहण्याची सुरुवात डोळ्यात होते आणि ते पुरे होते मेंदूत. मेंदू हे काम जन्माला आल्यावर शिकतो, मुख्यतः पहिल्या सात-आठ वर्षांत. त्या काळात एखाद्या डोळ्याकडून स्पष्ट चित्र आले नाही, तर पुढे डोळा दुरुस्त झाला तरी नजर पूर्ण परत येईलच असे नसते.

याचा भक्कम पुरावा डेव्हिड ह्यूबेल आणि टॉर्स्टन वीझेल यांनी 1960 च्या दशकात मांजराच्या पिलांवर केलेल्या प्रयोगांतून मिळाला. पिलाची एक पापणी काही आठवडे बंद ठेवून नंतर उघडली, तेव्हा डोळा निरोगी होता, पण मेंदूतील दृष्टिकेंद्राच्या बहुतेक पेशी त्या डोळ्याला प्रतिसाद देईनाशा झाल्या होत्या. मोठ्या मांजराचा डोळा तसाच बंद ठेवला, तर असा परिणाम दिसला नाही. या संशोधनाबद्दल दोघांना 1981 च्या नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला. बालनेत्रचिकित्सेतली घाई कशासाठी, हे त्यांच्या कामामुळे शास्त्रीय पायावर समजले.

मंददृष्टी

माणसात हाच प्रकार मंददृष्टी किंवा अँब्लिओपिया या नावाने ओळखला जातो. बोलीत त्याला आळशी डोळा म्हणतात. शंभरातल्या साधारण 2 ते 3 मुलांत तो आढळतो. कारणे मुख्यतः तीन. डोळा तिरळा असेल तर दोन वेगळी चित्रे येतात आणि गोंधळ टाळण्यासाठी मेंदू त्यातले एक दाबून टाकतो. दोन डोळ्यांच्या नंबरात बराच फरक असेल तर अस्पष्ट चित्राकडे दुर्लक्ष होते. तिसरे कारण सर्वांत गंभीर: जन्मजात मोतीबिंदू किंवा बाहुली झाकणारी लोंबती पापणी यांमुळे प्रकाशच आत नीट पोचत नाही.

यातले दुसरे कारण सर्वांत फसवे आहे. डोळे सरळ, सुंदर, निरोगी दिसतात. मूल धावते, चित्रे रंगवते, जमिनीवरचा मणी उचलते, कारण चांगला डोळा सगळे काम करत असतो. मूल तक्रार करत नाही; आपल्याला कमी दिसते हे कळायला आधी स्पष्ट दिसलेले असावे लागते. म्हणून ‘काही त्रास वाटला तर दाखवू’ हे धोरण इथे चालत नाही. काहीही त्रास नसलेल्या मुलालाच तपासावे लागते, आणि तेही एक-एक डोळा वेगळा झाकून.

तपासणीचे टप्पे

पहिली तपासणी जन्मानंतर लगेच होते. अंधाऱ्या खोलीत ऑफ्थॅल्मोस्कोप या डोळ्याच्या आत पाहण्याच्या उपकरणाचा प्रकाश बाळाच्या डोळ्यांवर टाकला की दोन्ही बाहुल्या सारख्याच लालसर चमकल्या पाहिजेत. ही चमक मंद, असमान किंवा पांढरी दिसली, तर वाट न पाहता नेत्रतज्ज्ञाकडे पाठवायचे असते. पांढऱ्या चमकेमागे जन्मजात मोतीबिंदू असू शकतो. एकाच डोळ्यात दाट मोतीबिंदू असेल, तर सुमारे सहा आठवड्यांच्या आत केलेल्या शस्त्रक्रियेने नजर मिळण्याची शक्यता सर्वाधिक असते. तीच चमक रेटिनोब्लास्टोमा या दृष्टिपटलाच्या (डोळ्याच्या आतल्या, प्रकाश टिपणाऱ्या पडद्याच्या) कर्करोगाचीही खूण असते. हा रोग साधारण 15 ते 20 हजार जन्मांमागे एका बाळाला होतो, बहुधा पाच वर्षांच्या आत, आणि वेळेत सापडला तर बहुतेक मुले वाचतात. पुष्कळदा तो आधी घरच्यांनाच दिसतो: फ्लॅशने काढलेल्या फोटोत एक बाहुली लाल आणि दुसरी पांढरी येते. कॅमेऱ्याचा कोन बदलल्यानेही असे होऊ शकते हे खरे. तरी असा फोटो डॉक्टरांना दाखवायलाच हवा.

अकाली जन्मलेल्या बाळांची गोष्ट वेगळी. त्यांच्या दृष्टिपटलातल्या रक्तवाहिन्या अजून पुऱ्या वाढलेल्या नसतात, आणि त्या वेड्यावाकड्या वाढून दृष्टिपटल ओढून जागेवरून सोडवू शकतात. या विकाराला आरओपी (रेटिनोपॅथी ऑफ प्रीमॅच्युरिटी) म्हणतात. 1940 च्या दशकात अनेक बाळे यामुळे अंध झाली आणि पुढच्या दशकात अनिर्बंध ऑक्सिजनशी त्याचा संबंध सिद्ध झाला. किती आठवड्यांच्या आणि किती वजनाच्या बाळांना तपासायचे याची मर्यादा देशागणिक बदलते, पण पहिली तपासणी साधारण चौथ्या आठवड्याच्या सुमारास होते. गंभीर टप्पा दिसल्यावर लेझर किंवा इंजेक्शनचा उपचार दोन-तीन दिवसांत करावा लागतो. नवजात कक्षातून घरी सोडताना या तपासणीची तारीख पालकांच्या हातात लिहून द्यायला हवी.

बाळाचे डोळे पहिल्या तीन-चार महिन्यांत अधूनमधून इकडेतिकडे सरकतात, ते स्वाभाविक आहे. त्यानंतरही डोळा वळत असेल, तर ‘मोठेपणी जाईल’ असे म्हणून सोडून देऊ नये. नाकाचा पूल रुंद असल्यामुळे काही बाळांचे डोळे तिरळे नसतानाही तसे भासतात. बुबुळांवर टॉर्चचा प्रकाश कुठे पडतो ते पाहून आणि एकेक डोळा झाकून तज्ज्ञ दोन्हींतला फरक ओळखतात.

सर्वांत मोलाची तपासणी तीन ते पाच वर्षांच्या दरम्यानची. तेव्हा मूल सांगितलेले समजून घेते आणि उपचाराला पुरेसा काळही हाती असतो. डच नेत्रवैद्य हर्मान स्नेलेन यांनी 1862 मध्ये अक्षरांचा तक्ता तयार केला, पण या वयात अक्षरे येत नाहीत. म्हणून सफरचंद, घर, गोल, चौकोन अशा चिन्हांचे तक्ते वापरतात आणि हातातल्या कार्डावर जोडी दाखवायला सांगतात. दोन चुका इथे नेहमी होतात. डोळा मुलाच्याच हाताने झाकला, तर ते बोटांच्या फटीतून पाहते. चिकटपट्टी लावणे उत्तम. दुसरे, मंददृष्टीच्या डोळ्याला एकटे चिन्ह बऱ्यापैकी दिसते, पण ओळीत दाटीने असलेली चिन्हे एकमेकांत मिसळतात. एकेक चिन्ह दाखवून घेतलेली तपासणी त्यामुळे दोष लपवते. दोन डोळ्यांच्या नजरेत तक्त्यावरच्या दोन ओळींचा फरक पडला, तर तो पुढे पाठवण्याइतका गंभीर मानतात. ज्यांना तक्ता वाचणे जमत नाही अशा लहानग्यांसाठी कॅमेऱ्यासारखी यंत्रे आहेत. ती काही सेकंदांत नंबराचा अंदाज देतात.

ही तपासणी म्हणजे निदान नव्हे. निदानासाठी बाहुली मोठी करणारे आणि डोळ्याचे स्नायू सैल करणारे थेंब घालून नंबर काढावा लागतो, कारण मुले जोर लावून आपला प्लस नंबर सहज लपवतात. सगळ्या योजनांची खरी कसोटी याच्या पुढे लागते. तपासणीत दोष निघालेले मूल डॉक्टरपर्यंत पोचले का, चष्मा मिळाला का आणि तो वर्गात डोळ्यांवर असतो का? तपासलेल्या मुलांचा आकडा कितीही मोठा असो, या प्रश्नांची उत्तरे नसतील तर त्याला फारसा अर्थ नाही.

उपचार

आधी योग्य चष्मा. काही मुलांची नजर केवळ चष्म्याने काही महिन्यांत सुधारते. उरलेल्यांत चांगल्या डोळ्यावर पट्टी बांधून कमजोर डोळ्याला काम करायला लावतात. पूर्वी दिवसभर पट्टी ठेवत; मध्यम तीव्रतेच्या मंददृष्टीत रोज दोन तास पट्टी सहा तासांइतकीच उपयोगी पडते, असे 2003 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत दिसले. चांगल्या डोळ्यात अ‍ॅट्रोपीनचे थेंब घालून त्याला जवळचे धूसर दिसेल असे करणे हाही तोडीचा पर्याय आहे. तिरळेपणाची शस्त्रक्रिया डोळे सरळ करते, मंददृष्टी बरी करत नाही. सात वर्षांनंतर सुधारणा कमी होते, पण थांबत नाही. दहा-बारा वर्षांच्या मुलाला ‘आता उशीर झाला’ म्हणून परत पाठवणे चुकीचे आहे.

शाळकरी वयात लांबचे न दिसणे वाढते. रोज सुमारे दोन तास उघड्यावर, दिवसाच्या उजेडात घालवणाऱ्या मुलांत ते सुरू होण्याचे प्रमाण कमी दिसते. अ जीवनसत्त्वाच्या अभावाने येणारे अंधत्व हा पोषणाचा आणि गोवराच्या लसीकरणाचा विषय आहे. संध्याकाळी कमी दिसल्यामुळे अडखळणाऱ्या कुपोषित मुलाला मात्र तातडीने उपचार लागतात.

डोळ्याची इजा

अंधांसाठी ब्रेल लिपी तयार करणाऱ्या लुई ब्रेल यांचा जन्म 1809 चा. तीन वर्षांचे असताना वडिलांच्या खोगिराच्या कारखान्यात चामड्याला भोके पाडायची आरी त्यांच्या एका डोळ्यात घुसली. दुसऱ्या डोळ्याला धक्काही लागला नव्हता, तरी पाचव्या वर्षापर्यंत दोन्ही डोळे गेले. फाटलेल्या डोळ्यामुळे शरीराची प्रतिकारशक्ती क्वचित निरोगी डोळ्यावरही उलटते. आज हे फार कमी घडते, कारण जखम लवकर शिवली जाते आणि दाह आटोक्यात ठेवणारी औषधे आहेत.

रसायन डोळ्यात गेले तर आधी पाणी, मग बाकी सगळे. जवळ असेल ते स्वच्छ पाणी, पापण्या बोटांनी उघड्या धरून, निदान 15 ते 30 मिनिटे सतत ओतावे. चांगला डोळा वरच्या बाजूला राहील असे डोके कलते करावे. चुना, सिमेंट, अमोनिया, नळ साफ करायची पावडर यांसारखे अल्कली आम्लापेक्षा घातक असतात: आम्लामुळे वरचा थर गोठतो आणि ते बहुधा तिथेच अडते, अल्कली मात्र पेशींतली चरबी विरघळवत आत शिरत राहते. चुन्याचे कण पापणीच्या आत अडकून राहतात, म्हणून रुग्णालयात पापणी उलटी करून ते काढतात. आम्लावर सोडा किंवा अल्कलीवर लिंबू असला उतारा कधीही करू नये. रसायनाची बाटली सोबत न्यावी, पण ती शोधण्यात धुणे थांबवू नये.

टोकदार वस्तू घुसली असेल तर नेमके उलटे. धुवायचे नाही, दाबायचे नाही, थेंब किंवा मलम घालायचे नाही, रुतलेली वस्तू ओढायची नाही. बाहुली थेंबासारखी ओढलेली दिसली, डोळ्यातून पाणीदार द्रव आला किंवा नजर एकदम गेली, तर डोळा फाटल्याचे समजावे. कागदी पेल्याचा तळ डोळ्यावर असा चिकटवावा की त्याचा आधार भुवई आणि गालाच्या हाडांवर राहील, डोळ्यावर नाही. भूल द्यावी लागेल म्हणून मुलाला काही खायला-प्यायला देऊ नये.

चेंडू किंवा ठोसा लागल्यावर बुबुळावरच्या पारदर्शक पडद्यामागे रक्त साचू शकते. अशा मुलाला डोके उंच ठेवून निजवावे. वेदनाशामक म्हणून अ‍ॅस्पिरिन किंवा आयबुप्रोफेन देऊ नये, कारण पुन्हा रक्तस्राव होण्याची भीती पहिल्या काही दिवसांत असते. मुलांच्या डोळ्याखालचे लवचीक हाड तडकून पुन्हा जागेवर बसते आणि त्यात स्नायू अडकतो. डोळा पांढराशुभ्र दिसतो, सूज नसते, पण मूल वर पाहताना कळवळते आणि उलट्या करते. त्या उलट्या डोक्याच्या माराच्या समजून मौल्यवान तास जातात.

काडी, पान किंवा माती लागून झालेला साधा ओरखडाही बुरशीच्या संसर्गाला वाट देतो. दुकानातून आणलेले स्टिरॉइडचे थेंब तो संसर्ग भडकवतात. मुले माराच्या भीतीने इजा लपवतात, म्हणून त्या क्षणी रागावण्यापेक्षा काय लागले हे विचारून घेणे महत्त्वाचे.

जखम भरल्यावर काम संपत नाही. आठ वर्षांखालच्या मुलात शिवलेला, स्वच्छ डोळाही व्रणामुळे बदललेल्या नंबराने मंद होतो. टाके काढण्याची वाट न पाहता चष्मा आणि पट्टी सुरू करावी लागते. एकाच डोळ्याने पाहणाऱ्या मुलाला नंबर नसला तरी पॉलिकार्बोनेटच्या, सहज न फुटणाऱ्या काचांचा चष्मा जागेपणी कायम घालायला देतात. आणि जोराचा मुका मार बसलेल्या डोळ्याचा दाब दरवर्षी मोजतात, कारण डोळ्यातल्या द्रवाच्या निचऱ्याच्या वाटेला झालेल्या इजेतून काचबिंदू पुष्कळ वर्षांनीही उद्भवू शकतो.