पाय टेकतात न्हवं?

नवी सायकल घेतली तेव्हा दुकानातल्या पोरानं मला सीटवर बसवलं, खाली वाकून बघितलं आणि म्हणाला, "पाय टेकतात न्हवं? मग झालं." मलाही ते पटलं. भाड्याच्या सायकलीवर शिकलो तेव्हापासून हाच नियम ठाऊक होता. बसल्या जागी दोन्ही पाय जमिनीला लागले की सायकल मापाची.

चौथ्यांदा कोल्हापुरातून पन्हाळ्याला निघालो तेव्हा वाघबीळच्या पुढं, चढावर, उजव्या गुडघ्याच्या वाटीमागं कळ आली. घरी जिना उतरताना कठडा धरावा लागला. चाळिशी उलटलीय, आता बास कर, असं घरच्यांनी ऐकवलं. दोन आठवडे सायकल भिंतीला टेकून होती. मग एका रविवारी टेप घेऊन बसलो, तेव्हा कळलं की सीट जवळजवळ साडेचार सेंटिमीटर खाली आहे.

एवढ्याशा फरकानं गुडघा का दुखावा? विहिरीवरची मोट आठवा. नाडा चाकावरून जातो. तो जितका जास्त वळतो, तितका चाकाच्या आसावर दाब वाढतो. गुडघ्यात मांडीचा मोठा स्नायू म्हणजे हा नाडा. तो वाटीवरून खाली नडगीच्या हाडाला जोडलेला असतो. गुडघा जितका दुमडलेला, तितकी वाटी मांडीच्या हाडावर जोरात दाबली जाते. सीट खाली असली की पायडल मारताना गुडघा पूर्ण फेऱ्यात जास्तच दुमडलेला राहतो, आणि नेमका जोर लावायच्या वेळी तो दाब बसतो. मिनिटाला ६५ फेरे धरले तरी दीड तासात एकेक गुडघा पावणेसहा हजारांहून जास्त वेळा दुमडतो. चढावर जड गिअर लावून बळानं रेटत राहिलं तर प्रत्येक फेऱ्याचा जोर आणखी वाढतो. मी नेमकं तेच करत होतो. हलका गिअर लावणं कमीपणाचं वाटायचं.

माप काढायला सोपं आहे. अनवाणी भिंतीला पाठ लावून उभं राहायचं, जाड पुस्तक दोन्ही पायांमध्ये घट्ट वर दाबायचं आणि पुस्तकाच्या वरच्या कडेपासून जमिनीपर्यंत मोजायचं. माझं माप ८० सेंटिमीटर. टूर द फ्रान्स ही सायकल शर्यत तीनदा जिंकलेल्या ग्रेग लेमाँडच्या नावानं ओळखलं जाणारं एक सूत्र आहे : हे माप गुणिले ०.८८३. म्हणजे क्रँक, अर्थात पायडलची दांडी, ज्या आसाभोवती फिरते त्याच्या मध्यापासून सीटच्या माथ्यापर्यंत ७०.६ सेंटिमीटर. दुसरा हिशेब १९६७ सालचा, हॅम्ली आणि थॉमस या संशोधकांचा. खाली आलेल्या पायडलपासून सीटपर्यंत मापाच्या १०९ टक्के. त्यातून १७ सेंटिमीटरची क्रँक वजा केली की ७०.२ उरतात. दोन वेगळ्या वाटांनी निघालेले आकडे इतके जवळ आले, याचा मला फार आनंद झाला. माझी सीट होती ६६ वर.

तरी सूत्र म्हणजे फक्त सुरुवात. पायडल तळाशी असताना गुडघा साधारण २५ ते ३५ अंश वाकलेला हवा. सीट फार वर गेली तर कंबर डावी-उजवी डुलते आणि गुडघ्यामागं ओढ लागते. मी आठवड्याला अर्धा सेंटिमीटर वर घेतली. दसरा चौकाच्या सिग्नलला पहिल्यांदा पाय टेकेना, तेव्हा जीव घाबरला खरा. थांबताना सीटवरून पुढं सरकून एक पाय खाली सोडायचा, ही सवय रिकाम्या रस्त्यावर आधी लावून घ्यावी.

टायरचंही असंच झालं. पंक्चरवाल्यानं "किती पौंड भरू?" विचारलं की मी म्हणायचो, दगडासारखा कर. गुळगुळीत डांबरावर ते ठीक. रबर दबतं आणि परत उसळतं, त्यात थोडी ऊर्जा उष्णता होऊन जाते. टायर कमी दबला की ही गळती कमी होते. पण पावसाळ्यानंतरच्या उखणलेल्या रस्त्यावर कडक टायर दबतच नाही, सगळी सायकल आणि वरचा माणूस उचलला जातो. तो हादरा अंगात मुरतो आणि आपण मारलेल्या पायडलची ताकद तिथं खर्ची पडते. माझ्या ३२ मिलिमीटरच्या टायरमध्ये मी ८० वरून ६० पौंडांवर आलो, मागच्या चाकात जरा जास्त, कारण वजन तिकडं असतं. मनगटांच्या मुंग्या गेल्या.

पावसाळ्यात पश्चिमेचा वारा पन्हाळ्याला जाताना तोंडावर येतो. आपण ताशी २० किलोमीटरनं चाललोय आणि समोरून वाराही २० चा असेल, तर अंगावर ४० चा वारा बसतो. हवेचा विरोध वेगाच्या वर्गानं वाढत असल्यानं तो चौपट होतो. म्हणून शिवाजी पूल ओलांडला की मी कोपर वाकवून छाती खाली घेतो.

सीटच्या दांडीवर आता काळ्या चिकटपट्टीचा एक वेढा आहे, ७० वर. भाचा सायकल नेतो, सीट खाली करतो, आणि आणून देताना पट्टीपर्यंत परत वर ओढून ठेवतो. परवा त्यानं विचारलं, "मामा, माझीपण मोजूया का?" टेप त्याच्याच हातात होती.